रात्रभर चालणारं सिम्युलेशन आणि कुलाब्याचा टिफ्रॅक

कलिन्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणारा मुलगा रात्री सिम्युलेशन (यादृच्छिक आकडे घेऊन तोच प्रयोग संगणकावर हजारो वेळा करणं) लावून झोपतो, सकाळी पाहतो तर निम्म्या फेऱ्याही झालेल्या नसतात. 'आर ही संख्याशास्त्राची सोपी भाषा सोड, वेगवान सी प्लस प्लस धर' हा सल्ला तयारच असतो. या सल्ल्यामागचा, यंत्राचा वेळ वाचवायचा की माणसाचा हा वाद मात्र त्याच्या आजोबांच्या वयाचा आहे.

१९४६ साली आजारपणात पत्त्यांचा पेशन्स लावत बसलेल्या गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना वाटलं, डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजलेलं बरं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ती कल्पना उचलली आणि १९४८मध्ये ही मॉन्टे कार्लो पद्धत त्या काळच्या संगणकावर, एनिअ‍ॅकवर चालली. खोड तेव्हापासूनचीच: चूक दहापट कमी हवी, तर फेऱ्या शंभरपट.

१९६०मध्ये कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं 'शुभ सकाळ'चं चित्रही त्यात मावणार नाही! यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा, म्हणून माणसाने कागदावर घाम गाळायचा. फेऱ्या वाढवण्याऐवजी विचलन (उत्तरांची चढउतार) कमी करणाऱ्या युक्त्या त्याच काळातल्या. यादृच्छिक आकड्यांच्या उलटसुलट जोड्या (एक मोठा तर दुसरा लहान, म्हणजे चुका एकमेकींना खोडतात) वापरण्याची हॅमर्सली आणि मॉर्टन यांची युक्ती १९५६ची. माझ्या मते आजही पहिला हात तिथेच घालावा. भाषा नंतर.

पुढे यंत्र स्वस्त झालं, माणूस महाग. मग माणसाला सोप्या भाषा आल्या: १९५७ची फोरट्रान, १९७६ची बेल लॅब्जमधली एस, तिच्या धर्तीवर १९९३ची आर. आरमध्ये लिहायला सोपं, पण लूपची (तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या आज्ञेची) प्रत्येक पायरी दर वेळी नव्याने वाचली जायची. आतली फंक्शनं सी किंवा फोरट्रानमधली, म्हणून वेगवान. 'लूप टाळा' हा उपदेश तिथून आला. २०१७पासून आर लूप आपोआप कंपाइल करते (आधीच यंत्राला सोप्या रूपात उतरवते), त्यामुळे तो आता निम्मा शिळा झालाय. नेमका अडणारा तुकडा आरसीपीपी या आरच्या जोडपॅकेजने सी प्लस प्लसमध्ये नेता येतो. २०१२मध्ये जाहीर झालेली ज्युलिया ही भाषा तर दोन भाषांची ही कसरतच नको म्हणून जन्मली. तिच्या चार निर्मात्यांत विरल शहा आहेत.

त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये दर फेरीला आधीची सगळी उत्तरं आणि नवं उत्तर जोडून अख्खी यादी पुन्हा तयार होत होती. लाखाव्या फेरीला लाखभर आकड्यांची नक्कल! आधीच रिकामी जागा राखून ठेवली असती, तर भाषा बदलायचा प्रश्नच आला नसता.