बादलीतले मीठ जाते कुठे?

गेल्या जानेवारीत टोरांटोहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, हे बघ, आपल्या कूलरच्या जाळीवर बसतो ना, तसा पांढरा थर. तीनदा पोछा मारला. फरशी ओली असते तोवर स्वच्छ दिसते, वाळली की परत पांढरी!"

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा सगळे शहर कुडकुडले. तरीही आपल्या रस्त्यावर बर्फ साचत नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठ टाकण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही. टोरांटोत हिवाळाभर ते टाकावे लागते. पाणी शून्य अंशाला गोठते, पण त्यात मीठ विरघळले की गोठणबिंदू खाली जातो. साध्या मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असेल, तर तो उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. त्याहून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराईड वापरतात. ते विरघळताना स्वतः उष्णताही सोडते. हा सगळा खारट चिखल बुटांना चिकटून इमारतीत येतो.

भाचीचा पोछा हरत होता, त्याचे कारण सोपे आहे. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. समजा बादलीत ५ लिटर पाणी आहे आणि पहिल्या दोन-चार फेऱ्यांत त्यात ५० ग्रॅम मीठ उतरले. त्याच पाण्याने पुढची फरशी पुसली आणि दर चौरस मीटरवर ५० मिलिलिटर ओल राहिली, तर वाळल्यावर तिथे अर्धा ग्रॅम मीठ उरते. म्हणजे दारातले मीठ आपण हातानेच दिवाणखान्यात नेऊन पसरवतो. पाणी गरम करूनही फारसा फरक पडत नाही, कारण साधे मीठ थंड आणि गरम पाण्यात जवळपास सारखेच विरघळते.

म्हणून मी तिला सांगितले, आधी कोरडे मीठ झाडून किंवा व्हॅक्यूमने उचल. मग भरपूर स्वच्छ पाणी घे, मीठ विरघळायला मिनिट-दोन मिनिटे दे आणि ते पाणी टिपून घे. फरशी लाकडी असेल तर मात्र पाणी थोडेच वापरायचे. पोछा दुसऱ्या बादलीत पिळायचा आणि पाणी सारखे बदलायचे. मोठ्या इमारतींत यासाठी पाणी ओढून घेणारे यंत्र असते. दाराशी लांब, जाड पायपुसणी असली तर निम्मे काम तिथेच होते.

कॅल्शियम क्लोराईडचे वागणे निराळे आहे. श्रावणात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ पाणी ओढून विरघळू लागते. कॅल्शियम क्लोराईडला त्यासाठी ३० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. कपाटातली ओल शोषायला ज्या डब्या मिळतात, त्यांत बहुधा हेच असते. त्यामुळे त्याचा थर नीट वाळतच नाही, तेलकट-चिकट राहतो आणि धूळ धरून ठेवतो. त्यावर साबण टाकला तर बोअरच्या पाण्यात होते तेच होते. फेस येत नाही आणि कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार होतो. अशा वेळी पाण्यात थोडे व्हिनेगर उपयोगी पडते, कारण सौम्य आम्लाने हा साका सुटतो.

पण इथे मला कळकळीने सांगायचे आहे. हा उपाय भाचीच्या व्हायनिलच्या फरशीला चालतो, आपल्या कोटा किंवा संगमरवराला नाही. हे दोन्ही दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच कुळातले. आम्ही एकदा न्हाणीघराबाहेरच्या कोट्यावरचे डाग काढायला ॲसिड ओतले. फेस आला आणि डाग गेले, तेव्हा आनंद झाला. वाळल्यावर दिसले की दगडाची झिलईच गेली आहे. तो फेस नुसता डागाचा नव्हता, दगडाचाही होता. तो तुकडा आजही खरखरीत आहे.

त्यामुळे आधी पांढरे काय आहे ते ओळखायला हवे. ओल्या बोटाने चोळल्यावर दिसेनासे झाले आणि वाळल्यावर परत आले, तर ते विरघळणारे मीठ असते. पावसाळ्यानंतर भिंतीला लागणारा लोणा बऱ्याचदा याच जातीचा. तिथे ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय रंग देऊन उपयोग नसतो. ओल्या बोटाने हटलेच नाही, तर थोडे खरवडून चमच्यात घ्या आणि लिंबाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर ते चुन्याचे. ही परीक्षा चमच्यातच करा, फरशीवर नको.

भाचीला कूलरची आठवण आली खरी, पण कूलरवरचा थर मुख्यतः दुसऱ्या जातीचा, चुन्याचा. मात्र तो साचण्याची रीत तीच आहे. मे महिन्यात कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत मागे राहतात. आपण वरून पाणी भरत जातो, क्षार वाढत जातात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून मग नवे पाणी भरले, तर वाळ्याच्या ताट्या जास्त दिवस ओल्या आणि मऊ राहतात.