तोंड वाकडं झालंय? आमच्याकडे यायच्या आधी डॉक्टर गाठा

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नेहमीची गोष्ट. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळलं, आरशात बघितलं तर तोंड वाकडं, घरातले म्हणाले, "रात्री वारो लागलो आसतलो", मग चार दिवस तेल आणि शेक, आणि पाचव्या दिवशी देवबाग-आचऱ्याकडून थेट आमच्याकडे, "जरा करंट लावून द्या". हे चार दिवसच महागात पडतात.

सगळ्यात जास्त दिसतो तो बेल्स पाल्सी. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेत सुजते, मग त्या बाजूची भुवई वर जात नाही, डोळा मिटत नाही, ओठ ओढला जातो. यावर स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर नस पूर्ण बरी व्हायचा चान्स वाढतो. त्या डॉक्टरच देणार, आणि शुगर असेल तर आधी सांगा कारण या गोळ्यांनी ती वाढते.

तोंड स्ट्रोकने, म्हणजे मेंदूच्या झटक्यानेही वाकडं होतं. त्यात बहुतेक वेळा कपाळाला आठ्या पडतात, फक्त खालचा चेहरा उतरतो. पण मेंदूच्या खालच्या भागात झटका आला तर कपाळसुद्धा जाऊ शकतं, म्हणून आठ्या बघून घरी निकाल लावू नका. तोंडाबरोबर हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, तोल जातो, एकाचे दोन दिसतात, यातलं काहीही असलं तर लगेच १०८. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्या वाडीतून सीटी स्कॅनपर्यंत पोचण्यातच केवढा वेळ जातो ते तुम्हाला माहितीये.

कानात दुखून फोड आले तर ती नागीण असू शकते, कान वाहत असेल तर कानाचे डॉक्टर, अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी, तिची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि तोंड हळूहळू काही आठवड्यांत वाकडं होत गेलं असेल तर ते बेल्स पाल्सी समजून बसू नका, गाठ नाही ना ते बघावंच लागतं.

डॉक्टरांचा कागद नसेल तर आम्ही उपचार सुरू करत नाही, काहींना राग येतो, लांबून आलेल्या माणसाला परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं, पण कारण कळल्याशिवाय हात लावणं बरोबर नाही. फुगे फुगवणं, दिवसभर च्युइंगम चघळणं हेही नको. जोर लावून नस लवकर जागी होत नाही, उलट चांगली बाजूच तोंड आणखी ओढते. आम्ही आरशासमोर हळू, छोट्या हालचाली शिकवतो, घरच्या एका माणसालाही शिकवतो म्हणजे रोज यायला लागत नाही, आणि ज्यांना येणं जमत नाही त्यांच्याकडे आम्हीच जातो.

तोपर्यंत डोळा सांभाळा. दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणी नीट मिटवून टेप, बाईकवर किंवा होडीवर गॉगल. खारा वारा आणि वाळू उघड्या डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते. डोळा लाल झाला, दुखायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्या आणि आजारापूर्वीचा एक हसरा फोटो घेऊन या.