पाच नंबरची नळी

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरने नातीला काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला : 1 किलो 880 ग्रॅम. जन्मली तेव्हा ती 2 किलो 100 ग्रॅम होती. मी मनातल्या मनात हिशेब केला, 220 ग्रॅमची घट म्हणजे दहा टक्क्यांहून थोडी जास्तच. नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर कोणी घाबरत नाही. दहाच्या पुढे गेलं, की डॉक्टर पुन्हा एकदा वाकून बाळाकडे बघतात.

माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली होती. छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी लहानखुरी होती. छातीला लावली की चार-सहा ओढी घ्यायची आणि डोळे मिटायची. तळपायाला गुदगुल्या केल्या की पुन्हा दोन ओढी. लघवी चोवीस तासांत दोनदाच झालेली. चौथ्या दिवशी ती किमान चार वेळा तरी व्हायला हवी. शीही अजून काळपट हिरवीच होती, पिवळी झाली नव्हती.

समोरच्या खाटेवरच्या सुनेची सासू दोन दिवस हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाईच्या अंगावर दूधच नाई उतरलं वं. लेकराले बाटली देऊन द्या, काहून उपाशी ठेवता?"

त्या माउलीचं अर्धं म्हणणं खरं होतं, हे आधी मान्य करते. बाळ खरोखरच उपाशी होतं. आईचं दूधच सर्वश्रेष्ठ असं म्हणत उपाशी बाळाला नुसतं छातीला धरून बसणं धोक्याचं आहे. त्यात बाळाच्या रक्तातली साखर उतरते, कावीळ वाढते, अंगातलं पाणी कमी होतं. वरचं दूध द्यायची वेळ आली होती, यात कोणाला शंका नव्हती. प्रश्न होता तो कसं द्यायचं याचा.

दूध उतरतं कसं, ते थोडक्यात सांगते. गरोदरपणात स्तनांमध्ये चीक तयार असतो, पण प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक भरपूर दुधाला अडवून धरतं. हे प्रोजेस्टेरॉन येतं वारेतून. प्रसूतीनंतर वार पडली की त्याचं प्रमाण झपाट्याने खाली येतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळं रान मिळतं आणि साधारण 30 ते 72 तासांत छाती भरून येते. सिझेरियन, प्रसूतीत झालेला जास्त रक्तस्राव, मधुमेह किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर याला उशीर होऊ शकतो. तोवर येतो तो चीक, दाट, पिवळसर आणि थेंबाथेंबाने. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि बाईचा चीक मात्र 'घाण दूध' म्हणून पिळून टाकणारी घरं मी अजूनही बघते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी 2 ते 10 मिलिलिटर चीक पुरतो. चहाच्या चमच्यात 5 मिलिलिटर मावतं. म्हणजे एखाद-दोन चमचे. वाटीभर दूध दिसत नाही म्हणून बाई 'कोरडी' ठरत नाही.

पण पहिले काही दिवस सरले की कारभार बदलतो. संप्रेरकांनी सुरुवात करून दिलेली असते, पुढचं दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितकं नवं दूध बनतं. दूध साचून राहिलं तर स्तनच आपलं काम मंदावतो. आमची पंचाईत इथेच होती. मुलगी अशक्त म्हणून ओढत नव्हती, ओढत नव्हती म्हणून दूध वाढत नव्हतं, आणि दूध नाही म्हणून ती आणखी अशक्त होत होती. बाटलीने तिचं पोट भरलं असतं, पण ओढायचं कारणही संपलं असतं. बाटलीच्या बोंडातून दूध फार कष्ट न घेता येतं. पोट भरलेलं बाळ झोपतं, आणि आईच्या छातीला त्या वेळची मागणी पोचतच नाही.

मग सिस्टरने ट्रॉलीवरून एक पाकीट आणलं. आत पाच नंबरची नळी होती. नाकातून पोटात घालतात तीच, बारीक, मऊ, पारदर्शक. नळ्यांच्या या नंबरांचा हिशेब सोपा आहे : तीन नंबर म्हणजे 1 मिलिमीटर जाडी. तेव्हा पाच नंबरची नळी बाहेरून जेमतेम 1.7 मिलिमीटर जाड, शेवईपेक्षा थोडीशीच जाड. स्टीलची वाटी उकळत्या पाण्यातून काढली. तीत लेकीचं हाताने पिळून काढलेलं दूध घेतलं, आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेवढं डब्याचं दूध मोजून वेगळं तयार ठेवलं. नळीचं एक टोक वाटीत. दुसरं टोक कागदी चिकटपट्टीने छातीवर असं चिकटवलं, की ते स्तनाग्राशी येऊन थांबेल. मग बाळाला लावलं. नुसतं स्तनाग्र नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जाईल असं, आणि ती बारीक नळीही त्याच्यासोबत आत.

मुलीने एक ओढ घेतली. नळीत दूध चढलं. गिळल्याचा आवाज आला. मग दुसरी ओढ, तिसरी. चार दिवसांत पहिल्यांदाच ती थांबली नाही.

"मावशी, वाटी खाली धरा, वर नेऊ नका," सिस्टर म्हणाली. मी वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि वाटी मायेपोटी नकळत वर नेत होते.

वाटी वर का न्यायची नाही, हे आमच्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. ड्रममधलं पाणी काढायचं असलं की तो नळीचं एक टोक ड्रममध्ये बुडवतो, दुसरं तोंडाने ओढून जमिनीकडे सोडतो. एकदा धार लागली की ओढावं लागत नाही, पाणी आपोआप खाली येत राहतं. वाटी छातीच्या वर धरली तर दुधाचं नेमकं तेच होतं. बाळाने ओढो न ओढो, धार तोंडात पडत राहते. त्याचे दोन तोटे. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापासून बसू लागतो. लवकर जन्मलेल्या बाळात तो अजून कच्चा असतो, त्यामुळे ठसका लागतो. आणि न ओढता दूध मिळालं तर बाटलीत आणि नळीत फरक तो काय राहिला?

म्हणून वाटी स्तनाग्राच्या 5 ते 10 सेंटीमीटर खाली. आता दूध गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावं लागतं, बाळाने ओढ थांबवली की नळीतलं दूधही थांबतं. अशक्त बाळाला हे झेपेल का, अशी शंका मला आली होती. ऑस्ट्रेलियात काही बाळांवर केलेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात दूध पिताना बाळाची जीभ अल्ट्रासाउंडने पाहिली आणि तोंडातला दाबही मोजला. जीभ खाली जाते तेव्हा तोंडात पोकळी होऊन निर्वात वाढतो आणि त्याच क्षणी दूध वाहतं, असं त्यात दिसलं. हा निर्वात सरासरी 145 मिलिमीटर पारा इतका होता. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर सुमारे दोन मीटर उंचीचा स्तंभ उचलून धरेल एवढा! सुदृढ बाळाची ही ताकद. दहा सेंटीमीटर चढणीला तिचा विसावा हिस्सा पुरतो. आमच्या मुलीकडे निम्मी ताकद असती तरी भागलं असतं.

नळीच्या जाडीचाही असाच हिशेब आहे. बारीक नळीतून वाहणारा द्रव तिच्या आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. आठ नंबरची नळी पाचाच्या 1.6 पट. आतलं भोकही त्याच प्रमाणात मोठं धरलं, तर तेवढ्याच ओढीत दूध सुमारे साडेसहा पट येईल. मोठ्या, तीव्र कुपोषित तान्ह्यांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रांत हीच पद्धत आठ नंबरच्या नळीने वापरतात. दोन किलोच्या जिवाला मात्र पाचच बरी. हे सगळं मी फळ्यावर कित्येक वर्षं लिहिलं होतं, पण ते असं गिळल्याच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

नळी घरच्या घरी, वाचून लावायची वस्तू नाही. पहिल्यांदा सिस्टर किंवा डॉक्टरांसमोरच लावावी, आणि वरचं दूध लागतं का, किती लागतं, हेही त्यांनीच ठरवावं. बाळ उठवूनही उठत नसेल, ओठ निळसर पडत असतील, दूध ओढतच नसेल किंवा अंग थंड लागत असेल, तर नळी-वाटी बाजूला ठेवून तडक 102 किंवा 108 ला फोन करावा.

वाटीत काय घालायचं, यालाही क्रम आहे. पहिला मान आईच्याच पिळून काढलेल्या दुधाचा. सुरुवातीच्या दिवसांत चीक दाट असल्याने यंत्रापेक्षा हातानेच बरा निघतो, थेट चमच्यात. ते पुरत नसेल तर मानवी दूध बँकेचं दूध. ते आमच्यासारख्या गावांपासून फार लांब, तेव्हा उरतं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं डब्याचं दूध. या डब्यांची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे डब्यावरच छापावं लागतं. ते औषधासारखं मोजून, गरजेपुरतं वापरावं. गाईचं, बकरीचं दूध नको. मध, गुळाचं पाणी, घुटी, काहीही नको.

आणि पाणीही नको. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि प्रत्येक आजीचा जीव पाण्यासाठी कासावीस होतो. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यातही बाळाला तेवढं पुरतं, फक्त ते वारंवार पाजावं. वरून पाजलेलं पाणी इवल्या पोटातली दुधाची जागा अडवतं. पाणी प्यायचं ते आईने, तांब्या उशाशी ठेवून. पिळलेलं दूधही या उन्हात फार वेळ ठेवू नये. काढलं की पाजावं, उरलेलं टाकून द्यावं.

सगळ्यांना नळीच लागते असं नाही. कुठे बाळ तोंड लावतं पण दूध लगेच येत नाही म्हणून चिडतं, तिथे छातीवर चमच्याने थेंब थेंब दूध सोडलं तरी ते गोडीने ओढू लागतं. मागे वळलेल्या स्तनाग्रासाठी आपल्याकडच्या सिस्टर उलट्या सिरिंजची युक्ती शिकवतात. सिरिंजचा सुईकडचा भाग कापून दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालतात, गुळगुळीत कड छातीला टेकवून हळूच ओढतात. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट केलं तरी स्तनाग्र वर येतं. तत्त्व तेच, निर्वाताचं. आणि छातीला लावणं शक्यच नसेल तेव्हा आपलं जुनं बोंडलं आहे. माझ्या आजेसासूबाईंचं चांदीचं बोंडलं घरात होतं, त्याला पुढे निमुळती चोच. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि बाळाला स्वतः जिभेने दूध घेऊ द्यायचं. घशात ओतायचं नाही. बाटलीपेक्षा बोंडलं, वाटी, चमचा घासून उकळायला सोपे. बाटलीच्या बोंडाच्या खाचेत साय अडकते आणि तिथेच जंतू वाढतात.

आमच्या नळीचीही निगा होती. दर वेळी पाजून झालं की सिरिंजने स्वच्छ पाणी सोडून ती आतून धुवायची. मग टोक धरून गोफणीसारखी गरगर फिरवायची, म्हणजे आत अडकलेले थेंब बाहेर फेकले जातात. मग स्वच्छ कापडावर उन्हात. ऊन आमच्याकडे हवं तेवढं.

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो, नळी सोबत घेऊनच. दुसऱ्या दिवशी आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या. घरी येऊन बाळ तोलणारी ही बाई आज देशभर दिसते, तिची मुळं आमच्या विदर्भातल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचं वजन, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले, आणि तिथल्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आशाताईंनी काटा वाचला, 2 किलो 10 ग्रॅम. मग लघव्या विचारल्या. लेकीने सात सांगितल्या.

तेव्हापासून नळी उतरवायला लागलो. आधी नुसतंच छातीला लावायचं, ओढी मंदावल्या की मगच नळी. गिळण्याचा आवाज भराभर येऊ लागला की नळी चिमटीत धरायची आणि बाळाला स्तनातून ओढू द्यायचं. वाटीही हळूहळू खाली नेली, शेवटी 30 सेंटीमीटरपर्यंत. वजन रोज 20-30 ग्रॅमने वाढतंय तोवर घाई नको आणि भीतीही नको, असं सिस्टरने सांगून ठेवलं होतं. एका वेळी वाटीतून 25 मिलिलिटर संपायचे, ते 15 झाले, मग 8. पाजताना दुसऱ्या बाजूलाही पान्हा फुटून लेकीचं पोलकं भिजायला लागलं. पाळण्यातलं रडणं ऐकूनच तो फुटायचा. हे पान्हा फोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम.

तेराव्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे वाटी धरून बसले होते. मुलगी ओढत होती, गिळत होती, हनुवटी वर-खाली होत होती. बराच वेळ झाला म्हणून वाटीत पाहिलं. दूध भरलं होतं तेवढंच होतं. नळीचं टोक तोंडातून केव्हाच निसटून लेकीच्या पदरावर आलं होतं, आणि मुलगी पीतच होती.