‘कुठे चाललात?’ ही चौकशी नव्हे

तागालोग या फिलिपिन्समधल्या भाषेबद्दल एक समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो: फिलिपिन्समध्ये अनोळखी माणसेही ‘सान का पुपुंता?’, म्हणजे ‘कुठे चाललास?’, असे विचारून खाजगी चौकशी करतात, म्हणून खरा पत्ता सांगावा किंवा गप्प राहावे. शब्दशः अर्थ पाहता असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाटेत भेटलेल्या माणसाच्या तोंडी हे बहुधा केवळ अभिवादन असते.

याची खात्री रूढ उत्तरातूनच पटते. ते उत्तर आहे ‘द्यान लांग’, वडीलधाऱ्यांसाठी आदरार्थी ‘पो’ जोडून ‘द्यान लांग पो’. कोशात पाहिल्यास ‘द्यान’ म्हणजे ‘तिथे’ आणि ‘लांग’ म्हणजे ‘फक्त’. या उत्तरात ठिकाणाचे नावच नाही, तरीही विचारणारा समाधानाने पुढे जातो, आणि हा प्रश्न खरोखर माहितीसाठी असता तर असे उत्तर कोणी स्वीकारले नसते. आपल्याकडच्या ‘जरा इथवर’ची आठवण करून देणारे हे उत्तर मला फार लोभस वाटते. मात्र घरातून निघताना आईने हेच विचारले, तर ती खरी विचारणा असते आणि तिला नीट उत्तर द्यावे.

तसेच ‘कुमुस्ता का?’, म्हणजे ‘कसा आहेस?’, या अभिवादनाला ‘माबूती नामान’, म्हणजे ‘बरं आहे’, एवढे पुरते.