माओरी रुग्णांसाठी संस्कृतिसुसंगत आहारविकार-उपचार

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांमधील ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणे), बुलिमिया (खूप खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढून टाकणे) आणि अनावर खाणे यांसारख्या विकारांवर त्यांची नाती, अन्नाच्या रीती आणि शरीराविषयीच्या धारणा ध्यानात घेऊन केले जाणारे उपचार. देशात साधारण सहांतला एक जण माओरी आहे. पण आजाराचे प्रमाण पाहता आहारविकारांच्या उपचारकेंद्रांत माओरी फार कमी पोहोचतात.

हा आजार सुखवस्तू गोऱ्या घरांतल्या हडकुळ्या मुलींचा, असा समज बराच काळ रूढ होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ते राउ हिनेंगारो’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने तो खोडून काढला. सुमारे १३,००० प्रौढांच्या या पाहणीत माओरी मुद्दाम जास्त संख्येने घेतले होते. आयुष्यात कधीतरी आहारविकार होऊन गेलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात, माओरी किंवा पॅसिफिक बेटांवरचे नसलेल्या लोकांपेक्षा, जास्त निघाले.

निदानातली चूक बहुधा वजनकाट्यापाशी होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच असला तरी माओरींसारख्या पॉलिनेशियन वंशाच्या लोकांच्या शरीरात सरासरीने चरबी कमी आणि स्नायू जास्त असतात. युरोपीय शरीरावर बेतलेला आकडा पाहून ‘वजन ठीक आहे’ म्हटले, की उपाशी राहणारी मुलगी तशीच घरी परत जाते. बुलिमिया तर वजनावरून ओळखूच येत नाही. अंगाने भरलेल्या व्यक्तीला उलट ‘जेवण कमी करा’ असा सल्ला मिळतो आणि आजाराला खतपाणी मिळते.

अन्नाविषयीच्या माओरी रीतींच्या मुळाशी ‘तापु’ आणि ‘नोआ’ ही जोडी आहे. तापु म्हणजे पवित्र, राखून ठेवलेले. नोआ म्हणजे रोजचे, मोकळे. डोके तापु, अन्न नोआ. म्हणून टेबलावर बसायचे नाही, डोक्याखालची उशी जेवायच्या जागी ठेवायची नाही, ताटे पुसायचे फडके अंगावरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाही. मराठी वाचकाला इथे सोवळे-ओवळे आठवेल, पण ही तुलना जपून करावी: तापु-नोआ ही माणसांची उतरंड नाही, आणि अन्नाकडे तापु उतरवण्याची ताकद आहे. अंत्यविधीनंतरच्या ‘हाकारी’ या पंगतीतच शोकातली माणसे रोजच्या जगात परततात. पाहुण्याला पोटभर वाढण्यात यजमानाची ‘मना’, म्हणजे प्रतिष्ठा असते. खाण्याची भीती बसलेली मुलगी अशा पंगतींना येणे टाळू लागते, आणि घासाबरोबर माणसेही तिच्यापासून तुटतात.

आता इस्पितळातली खाट डोळ्यांपुढे आणावी. खाटेवर सरकणारे एकच छोटे टेबल. त्यावर सकाळी कंगवा, मग लघवीच्या नमुन्याची बाटली आणि दुपारी जेवणाचे ताट. मुलगी ताट दूर सारते. कागदावर नोंद होते, ‘जेवण नाकारले’. त्यातले आजारामुळे किती आणि टेबलामुळे किती, हे ओळखता येणे हे या उपचारातले मोठे कौशल्य आहे. न्यूझीलंडच्या इस्पितळांत आता अशा गोष्टींसाठी लेखी नियम आहेत: अन्न आणि शरीरस्राव यांच्या जागा वेगळ्या, डोक्याची उशी वेगळी, डोक्याला हात लावण्यापूर्वी परवानगी.

या बदलामागे माओरींनीच उभा केलेला विचार आहे. मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८४ मध्ये ‘ते फारे तापा फा’ ही कल्पना मांडली. आरोग्य हे चार भिंतींचे घर: शरीर, मन, आत्मा आणि ‘फानाउ’, म्हणजे विस्तारित कुटुंब. एक भिंत खचली की घर कलते. परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांच्या ‘सांस्कृतिक सुरक्षितते’च्या मांडणीला १९९२ मध्ये परिचारिका-शिक्षणात स्थान मिळाले, उपचार सुरक्षित वाटले की नाही हे रुग्णाने ठरवायचे, हा तिचा गाभा. माओरी रुग्णांच्या तपासणीसाठीच्या २००७ च्या ‘मेइहाना’ प्रारूपात घराबाहेरची परिस्थितीही तपासणीत आली. पुढे त्याला जोड-होडीचे रूप मिळाले: एका नावेत रुग्ण, दुसऱ्या नावेत फानाउ, आणि वसाहतवाद, वंशभेद हे त्यांना ढकलणारे वारे.

प्रत्यक्षात सर्वांत अवघड भाग कुटुंबाचा असतो. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळातून पुढे आलेली कुटुंबाधारित पद्धत जास्त वापरली जाते. तिच्यात आईवडील मुलाच्या जेवणाचा ताबा घेतात. माओरी घरात मात्र मुलाला भरवणारी आजी असते, मावशी असते. ‘फांगाइ’ प्रथेने मूल नात्यातच दुसऱ्या घरी वाढत असू शकते. दोनच खुर्च्या मांडून बैठक घेतली, तर जिच्या हातचे मूल खाते तीच बाहेर राहते. शिवाय सरकारने माओरी मुले मोठ्या संख्येने घरांतून काढून संस्थांत ठेवली, हा इतिहास ताजा आहे. त्यावरच्या शाही चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल २०२४ मध्ये आला. अशा घरात ‘तुमचे मूल जेवत नाही’ हे वाक्य आरोपासारखे ऐकू येते. म्हणून पहिल्या भेटीत वजनाआधी ओळख करून घेतात: कोण कुठले, कोणत्या डोंगराचे, कोणत्या नदीचे. तज्ज्ञही आपली ओळख देतात. आजाराचा विषय त्यानंतर निघतो.

दर्शनी भागात कोरीवकाम लावले आणि जेवणाआधी ‘कराकिया’ ही प्रार्थना म्हटली, एवढ्याने हे साधत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुसंख्य माओरी शहरांत आले. अनेक तरुणांना आपली भाषा किंवा आपली नदी माहीत नसते. अशा मुलीला सर्वांसमोर वंशपरिचय द्यायला लावला, तर ‘फाकामा’, म्हणजे खोल लाज, दाटून येते, आणि या आजारात लाज आधीच भरपूर असते. म्हणून माओरी रीतीने बसायचे का, सोबत कोण हवे, प्रार्थना हवी का, हे तिला एकटीला आधी विचारतात आणि नको म्हणाली तर तसेच पुढे जातात.