जुन्या इंजिनाला सिंथेटिक ऑइल: गळतीची भीती आली कुठून?

बडोद्यात प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्याला मिस्त्रीने एकदा तरी बजावलेले असते, "काका, सिंथेटिक घालू नका, सगळीकडून गळेल." दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वडिलांनी हे शब्द कायमचे मनावर घेतले. मिस्त्री खोटे बोलत नव्हता. फक्त त्याच्या बोलण्यामागचा अनुभव पन्नास वर्षांपूर्वीच्या ऑइलचा होता.

कृत्रिम, म्हणजेच सिंथेटिक वंगणाची निकड थंडीतून आली. खनिज तेलात मेण असते, ते कडाक्याच्या थंडीत साकळते आणि इंजिन फिरत नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या हिवाळ्यात जर्मन सैन्याला हे भोवले, शिवाय कच्च्या तेलाचीही टंचाई होती. हर्मन झोर्न आणि इतर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेव्हा पर्यायी वंगण म्हणून एस्टर वर्गातली कृत्रिम संयुगे मोठ्या संख्येने तपासली. युद्धानंतर एस्टर जेट विमानांच्या इंजिनांत गेली. मोटारींपर्यंत ती आणली अल्बर्ट अमाटुझिओ या अमेरिकी जेट वैमानिकाने, 1972 मध्ये. त्यांच्या अमसॉइल कंपनीचा दावा होता की ऑइल 25,000 मैल किंवा एक वर्ष चालेल. काही वर्षांत मोबिल 1 हे सिंथेटिक ऑइल आले. आपल्याकडे इंडियन ऑइलने सर्वो हे इंजिन ऑइल बाजारात आणले तेही 1972 मध्येच, पण ते खनिज तेलाचे. कोयलीची रिफायनरी शेजारी असलेल्या आमच्या शहरात अनेक वर्षे ऑइल म्हणजे तेच.

गळतीचे मूळ रबरात आहे. इंजिनातून ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी ऑइल सील खनिज तेलातल्या काही घटकांमुळे किंचित फुगतात आणि त्या फुगण्यामुळेच घट्ट बसतात. पॉलीअल्फाओलेफिन या कृत्रिम तेलात ती थोडी आकसतात, एस्टरमध्ये उलट जास्त फुगतात. सुरुवातीला हे गणित जमले नव्हते, म्हणून गाड्या खरोखर टपकल्या. पुढे दोन्ही मिसळून तोल साधला गेला. आणखी एक कारण असे, की झिजलेल्या सीलच्या फटीत वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला असतो. स्वच्छ करणारी रसायने भरपूर असलेले ऑइल तो धुऊन काढते आणि दडलेली फट उघडी पडते. सील बदलले की प्रश्न मिटतो, पण नाव ऑइलचे खराब होते.

दरम्यान ‘सिंथेटिक’ शब्दही बदलला. खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निवाडा 1999 मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात तंट्यात झाला. आज दुकानात सिंथेटिक म्हणून मिळणारे बरेचसे ऑइल याच जातीचे आहे.

मग बडोद्यातल्या जुन्या गाडीचे काय? इथे जानेवारीतही पारा सहसा 10 अंशांच्या खाली जात नाही, म्हणजे सिंथेटिकचा मूळ गुण आपल्याला फारसा लागतच नाही. आपली परीक्षा मे महिन्यात, 42 अंशांत, मांडवीच्या गर्दीत. झिजलेल्या बेअरिंगना गरम झाल्यावरही जाड राहणारे ऑइल हवे. म्हणून मी डब्यावर सिंथेटिकच्या आधी शेवटचा आकडा बघतो: 20डब्ल्यू-50 मधला 50 हा 10डब्ल्यू-40 मधल्या 40 पेक्षा गरम इंजिनात जाड असतो, डबा कितीही महाग असो. दुसरी काळजी टॅपेटची, म्हणजे कॅमच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात सपाट टॅपेट कॅमवर घासत चालतात, त्यांना ऑइलमध्ये मिसळलेल्या झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावेत म्हणून 2004 नंतरच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर रोखला गेला. जाड ग्रेडना ती मर्यादा नाही. याबद्दल मिस्त्री कधी बोलत नाहीत, आणि मला गळतीपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते.

पिस्टनच्या रिंगा चांगल्या असतील, गाडी रोज धावत असेल, तर त्याच ग्रेडचे सिंथेटिक खुशाल घालावे. उष्णतेत ते उशिरा बिघडते. आमची पद्मिनी मात्र वर्षाला जेमतेम दीड-दोन हजार किलोमीटर फिरते. कार्बोरेटरमधून थोडे पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, सम्पमध्ये, उतरत राहते, उभ्या इंजिनात ओलावा साठतो, आणि त्यापुढे महाग ऑइलचे दीर्घायुष्य वाया जाते. म्हणून तिच्यात 20डब्ल्यू-50 मिनरलच जाते, आणि दसऱ्याच्या आधी ते बदलतो, किलोमीटर भरलेले असोत वा नसोत.