"समोर कोणीच नाही" असा फोन करायच्या आधी हे वाचा

नमस्कार सर, मॅडम. तुमच्या शाळेतल्या पोरांचा परदेशातल्या शाळेतल्या पोरांशी व्हिडिओ कॉल जुळवून द्यायचं काम आम्ही करतो. लिंक कशी उघडायची, प्रोजेक्टर कुठं जोडायचा हे आता तुम्हाला सांगायला नको, लॉकडाऊननं ते सगळ्यांना शिकवलं. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी काढलंय, कारण दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की दर वर्षी आम्हाला तोच फोन येतो, "अहो, पोरं नटून बसलीत आणि समोर कोणीच नाही!"

समोरचे असतात हो, त्यांचं घड्याळ हललेलं असतं. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं, म्हणजे उन्हाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागं आणि थंडीत साडेपाच. त्यात हा ऑक्टोबरचा रविवार येतो आपल्या दिवाळीच्या आगंमागं, त्यांच्या शाळांनाही साधारण तेव्हाच आठवडाभर सुट्टी, मग लक्षात ठेवणार कोण?

एका शाळेचं सांगतो, नाव नको. सप्टेंबरात दोन कॉल दुपारी अडीचला मस्त झाले, तिकडं सकाळचे दहा. तिसरा नोव्हेंबरात, सरांनी कळवलं काय तर "नेहमीच्या वेळेला". सहावीच्या मुली नऊवारी नेसून, लेझीम घेऊन अडीचपासून बसल्या, तिकडं नुकते नऊ वाजलेले, हजेरी चाललेली. तीनला सरांनी वैतागून लॅपटॉप मिटला. साडेतीनला तिकडची पोरं वेटिंग रूममध्ये येऊन ताटकळली आणि इकडं लेझीम कपाटात गेलेली.

म्हणून "नेहमीची वेळ" हे दोन शब्द मेसेजात नकोत. वार, तारीख, आपली वेळ, त्यांची वेळ, सगळं लिहा आणि समोरच्या टीचरकडून त्यांच्या भाषेत परत लिहून घ्या, नुसता अंगठा आला तर तो होकार धरू नका. दर आठवड्याचं कॅलेंडर आमंत्रण ज्या देशाच्या वेळेनं बनवलंय त्या देशाची वेळ जागेवर राहते आणि दुसऱ्याची सरकते, हेही विसरू नका.

अमेरिकेचं वेगळंच, तिथं मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ म्हणजे इथं संध्याकाळचे सहा, थंडीत सात. शाळेच्या वेळेत ते जमतच नाही, त्यामुळे अमेरिका मागणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो की पालकांना विचारून संध्याकाळी मुलं थांबवा, नाहीतर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ एकमेकांना पाठवा. गिऱ्हाईक जातं कधीकधी, जाऊ दे.

पहिल्यांदाच करणाऱ्यांना आमचा सल्ला मॉरिशस. वर्षभर आपल्या दीड तास मागं, तिथं घड्याळ हलवत नाहीत, इथं अकरा तर तिथं साडेनऊ. शिवाय कोकणातून तिकडं गेलेल्या लोकांची मराठी तिथल्या शाळांत अजून शिकवतात, त्यामुळे पोरांना पहिल्याच मिनिटाला बोलायला काहीतरी सापडतं. जपानही चालतं, साडेतीन तास पुढं, तेही वर्षभर तेवढंच, फक्त आपल्या सकाळच्या वेळात उरकावं लागतं, आपले साडेअकरा म्हणजे त्यांचे तीन.

"लिंक तर फुकट मिळते, मग तुम्ही पैसे कसले घेता?" हेही विचारतात. लिंक फुकटच आहे. आम्ही घेतो ते दोन्हीकडच्या सुट्ट्या, परीक्षा, घड्याळं जुळवायचे आणि आठवडाभर आधीच्या टेस्ट कॉलचे. तो टेस्ट कॉल त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खोलीतून व्हायला हवा यावर आम्ही अडून बसतो, काही सरांना तो हट्ट वाटतो, पण शेजारच्या वर्गात बरोबर त्याच तासाला पाढे चालतात आणि माइकला दुसरं काही ऐकूच येत नाही, हे तेव्हाच कळतं. लाइट जाते त्या गावात राउटरला इन्व्हर्टर आहे का तेही तेव्हाच बघून घेतो.

दिवाळीनंतरचा कॉल आधीच ठरवून ठेवला असेल, आमच्याकडून असो वा तुमचा तुम्ही, तर तारीख आणि देश एवढंच व्हॉट्सॲपवर टाका, वेळ मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत.